आवाज गेला, पण एक्झॉस्टचा टॅपेट हलतोय का?

नमस्कार. तुम्ही मनापासून लिहिलंय, त्यामुळे मीही सविस्तर उत्तर देतो. जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरचं इंजिन टकटक करत असेल तर आधी ऑइल पाहा, मग टॅपेट (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, दाबणाऱ्या रॉकर या छोट्या दांड्याचा स्क्रू), मग टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्ह चालवणारी साखळी), आणि हे सगळं झाल्याशिवाय इंजिन खोलायला देऊ नका, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की ही शोधाशोध म्हणजे वेळेचा खेळखंडोबा आहे. तुमच्या मिस्त्रींनी गाडी आल्या आल्या टॅपेट आवळले, १०डब्ल्यू-३० काढून त्याहून जाड २०डब्ल्यू-५० ऑइल टाकलं आणि आवाज बंद झाला. परत आला तर सरळ हाफ इंजिन (फक्त वरचा भाग खोलून सिलिंडर घासणं आणि नवा पिस्टन बसवणं) करायचं, विषय संपला.

विषय संपला असं मला वाटत नाही. उलट तुमच्या गाडीची मला काळजी वाटते.

टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जो गॅप ठेवतात तो मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका असतो आणि कंपनी तो आकडा थंड इंजिनासाठी देते. गाडी पळवत आणली, तापलेली असतानाच टॅपेटचा डबा, म्हणजे झाकण, उघडून टॅपेट आवळले, तर तो आकडा राहतच नाही. गॅप संपला की व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर, म्हणजे बसायच्या कडेवर, पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या, व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तो सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागात, उतरते. टेकलाच नाही तर त्याची कड जळते. किक हलकी लागायला लागते, गाडी सकाळी उशिरा सुरू होते, चढाला दम धरत नाही. आणि हे सगळं होत असताना टॅपेटचा आवाज मात्र अजिबात येत नाही. शिवाय जुन्या हेडमध्ये सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकत जातो, म्हणजे गॅप आपोआपही कमी होत असतो. त्यामुळे किंचित टिकटिक करणारा टॅपेट मला एकदम गप्प टॅपेटपेक्षा केव्हाही चालेल.

जाड ऑइलचंही तसंच. सांध्यांमधली फट ते भरतं, ठोका दबतो, पण झीज आहे तिथेच राहते. वर थंड सकाळी ते हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. आवाज आला की पहिल्यांदा डिपस्टिक काढून लेव्हल बघावी, तीसुद्धा आटे न फिरवता नुसती टेकवून. ऑइल कमी पडल्यामुळे वाजणारी इंजिनं खूप असतात.

आता हाफ इंजिनबद्दल, कारण खरा खर्च तिथे आहे. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात ५० मिलिमीटरचा. बोअर मारला, म्हणजे सिलिंडर घासून मोठा केला, की ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन (पंचवीसचा), मग ०.५० मोठा (पन्नासचा), असं करत एक मिलिमीटरपर्यंत जाता येतं. मग ब्लॉक किंवा स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं अस्तर) बदला. मोजून वापरायची ही गोष्ट टायमिंग चेनच्या झिजलेल्या रोलरपायी का खर्चायची? पिस्टन वाजतोय हे ओळखता येतं: थंड असताना खडखड जास्त, गरम झाल्यावर कमी. कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचा) ठोका जड, खालून येणारा, गाडीवर लोड आला की वाढणारा. तो गरम होऊनही जात नाही, आणि तो हाफ इंजिनने सुटतही नाही, कारण त्यासाठी क्रँक, म्हणजे इंजिनाच्या तळाचा फिरणारा दांडा, बाहेर काढावा लागतो. टायमिंग चेनची खरखर डाव्या बाजूने येते, बहुतेकदा रेस सोडताना. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर उजव्या बाजूला, क्लचकडे बघा. सायलेन्सरच्या तोंडाचं गॅस्केट फुटलं असेल तर हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो, म्हणून इंजिन थंड असतानाच सुरू करून जोडाला साबणाचं पाणी लावून बघावं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडला, मग ब्लॉकला, मग केसला (इंजिनाच्या खालच्या भागाला) टेकवून मूठ कानाशी धरली, तर आवाज कुठून येतोय ते बऱ्यापैकी कळतं. हात आणि कपडे चाकाच्या, चेनच्या जवळ जाऊ देऊ नका एवढंच.

हे सगळं घरीच करा असा माझा आग्रह नाही. मिस्त्रींकडेच करा. फक्त गाडी रात्री त्यांच्याकडे ठेवा, म्हणजे सकाळी थंड मिळेल, आणि फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून घ्या. लॉकनट (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना स्क्रू थोडा फिरतो, त्यामुळे आवळून झाल्यावर गेज पुन्हा घालून बघायलाच हवं. नुसत्या बोटाच्या अंदाजावर सोडू नका.

तुमच्या गाडीपुरतं सांगतो. उद्या सकाळी, किक मारायच्या आधी, डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं काढून मधला नट पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि आतल्या मॅग्नेटच्या चाकावरची 'टी'ची खूण वरच्या भोकातल्या खुणेसमोर आणा. टॅपेटचे दोन्ही डबे उघडून रॉकर वरखाली हलवून बघा. दोन्ही घट्ट वाटले तर आणखी एक पूर्ण फेरा द्या, कदाचित स्ट्रोक चुकीचा असेल, म्हणजे पिस्टन वर येऊनही व्हॉल्व्ह दाबलेले असतील. त्यानंतरही एक्झॉस्टचा, म्हणजे खालचा, रॉकर जराही हलला नाही, तर गाडी चालवू नका, आधी गॅप लावून घ्या. आणि पुढच्या ऑइल बदलाला १०डब्ल्यू-३० वर परत या. मग जो आवाज उरेल तो नेमका कधी आणि कुठून येतो ते लिहा, त्यावर पुढे बोलू.