तळं राखीन म्हणतो

कासवाचं नाव ठेवून झालं होतं, तळं तेवढं व्हायचं होतं.

नाव 'पात्रांव'. पोर्तुगीज गेले तरी हा शब्द गोव्यातून काही गेला नाही. मालक तो पात्रांव, साहेब तो पात्रांव, आणि ज्याच्याकडे आपलं काम अडलंय तो तर पात्रांवच पात्रांव. आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी मोबाइलवर कासवाचा फोटो बघितला आणि म्हणाले, "बाबा, हा बघा कसा मान वर करून बसलाय, पात्रांवासारखा!" झालं, बारसं उरकलं. आता पात्रांवाच्या राहण्याची सोय बघणं बापाकडे आलं.

खूळ मुळात माझंच. बांदोड्याला नागेशीच्या देवळासमोरच्या तळीवर एकदा तासभर पायरीवर बसलो होतो. बायको अभिषेकाच्या गर्दीत, मी माशांच्या. बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या माशांकडे बघून जे वाटायला हवं तेच वाटलं, की नोकरी अशी हवी होती. परतताना वाटेत सफा मशिदीची तळी लागली. 1560 सालची, आदिलशाहीतली, आपल्याच जांभ्या दगडाची, आणि अजून जागच्या जागी. म्हटलं, त्या गवंड्यांना जे जमलं ते मला निवृत्तीच्या पैशांत जमू नये? परसात जागा आहे, बांयला (विहिरीला) पाणी आहे, आणि मुख्य म्हणजे सकाळी अकरानंतर मला काहीही काम नाही.

मग मी चौकटींचा कागद घेतला. इथेच चुकलं. माणसाने सरळ कुदळ घ्यावी.

लांबी 6 मीटर, रुंदी 4, खोली 1.2. गुणाकार केला तर 28.8 घनमीटर, म्हणजे 28,800 लिटर पाणी. आकडा मला फार देखणा वाटला. जेवताना मी तो वाचून दाखवला.

"आपली छपरावरची टाकी केवढी?" बायकोने विचारलं.

"हजार लिटरची."

"म्हणजे एकोणतीस वेळा पंप लावायचा."

"अठ्ठावीस पूर्णांक आठ."

"ते पॉइंट आठ तुम्ही बादलीने भरा," ती म्हणाली आणि सोलकढी वाढली.

मग जागेचा प्रश्न. कमळाला (आमच्याकडे साळक म्हणतात) दिवसाला निदान सहा तास ऊन लागतं. आमच्या परसात एवढं ऊन एकाच ठिकाणी पडतं, आणि तिथे सेप्टिक टँक आहे. बायकोचे मामा वास्तुशास्त्र जाणतात. ते म्हणाले, "ईशान्येला पाणी असावं, उत्तम योग आहे." सेप्टिक टँक नेमकी ईशान्येलाच आहे. म्हटलं, मामा, तिथे पाणी आहेच. ते महिनाभर बोलले नाहीत. फणसाखाली सावली छान, पण मे महिन्यात पंधरा किलोचा फणस वरून सुटला की तळ्यात भरतीची लाट येणार. माडाखाली मुळं आडवी येतात आणि नारळ काही विचारून पडत नाही. उरली ती बांय आणि गोठ्याच्या मधली पट्टी, जिथे कपडे वाळतात.

इथे कायदा आडवा आला. गोव्याचा नागरी कायदा पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी निम्मी. बाहेरचे लोक या कायद्याचं फार कौतुक करतात. त्यांना कपडे वाळत घालायचे नसतात. "निम्मं तळं माझं," बायकोने जाहीर केलं, "आणि माझ्या निम्म्यावर दोरी राहणार." मी आराखड्यात दोरी काढली. पुढे कासवाचा विषय निघाला तेव्हा तिने तोंडाकडचा अर्धा भाग माझ्याकडे ठेवला, म्हणजे खायला घालणं माझ्याकडे. मागच्या अर्ध्या भागाची साफसफाई कोणाकडे, हे विचारल्यावर मात्र "ते मिळून करायचं" असं उत्तर आलं, आणि मिळून म्हणजे काय ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

जागा ठरली, आता रहिवासी. मला वाटलं होतं, कमळ लावायचं, मासे सोडायचे, वर कासव ठेवायचं. हा स्वयंपाक नव्हे, ही पंगत आहे, आणि पंगतीत जो तो शेजाऱ्याच्या पानावर डोळा ठेवून बसलेला असतो, हे मला हळूहळू कळत गेलं. कोई मासा देखणा, पण तो चिखल उकरून कमळाची मुळं उघडी पाडतो. कमळ वाचवायचं तर कुंडीच्या तोंडावर गोटे रचायचे. कासव कुमुदिनीची पानं खातं, ती संपली की माशांच्या शेपट्यांकडे वळतं. माशांना खंड्या नेतो, ढोकरी नेते, दिवड नेतो. पाणी झाकायला जलपर्णी टाकावी तर चार महिन्यांत पाणीच दिसेनासं होतं, मग मासे गुदमरतात. बरं, काहीच सोडलं नाही तर डास होतात, आणि डास झाले की आरोग्य खात्याची माणसं टॉर्च घेऊन दारात.

डासांपुरता एक तोडगा सापडला. डोक्यावर चंदेरी ठिपका असलेले बोटाच्या पेराएवढे मासे आपल्या ओहोळांत असतात, ते डासांच्या अळ्या खातात. गोव्यात मलेरियाविरुद्ध त्यांचा रीतसर वापर करून बघितलेला आहे. हा गावचा, फुकटचा आणि कामसू मासा मी यादीत पहिला लिहिला. आईने यादी बघितली.

"कोई म्हणजे? खायचा?"

"नाही गं, बघायचा."

"मासा घरात आणून नुसता बघायचा?" हे तिने अशा आवाजात विचारलं की मी यादी घडी करून खिशात घातली. गोव्यात माणूस माशाकडे बघतो ते डोळा ताजा आहे का, कल्ले लाल आहेत का, एवढ्यासाठीच. तीस हजार लिटर पाण्यात त्याला जिवंत ठेवून त्याच्याशी गप्पा मारणं हे आईच्या हिशेबात वाया गेलेल्या पोराचं लक्षण.

तिची दुसरी हरकत मगरीची. तिचं माहेर दुर्भाटचं. तिथे पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात, मांगेथापणी म्हणतात तिला. "तळं बघून मगर आली म्हणजे?" मी म्हटलं, मगरी कुंभारजुव्याच्या कालव्यात, ती इथवर कशी येईल? "तुझं कासव येतं ते? त्याला चार पाय, तिलाही चारच."

कासव मात्र चालत येणार नव्हतं, ते विकत आणायचं होतं. पणजीच्या एका दुकानात काचेच्या पेटीत रुपयाएवढी हिरवी पिल्लं, कानापाशी तांबडा पट्टा. दुकानदार म्हणाला, "एवढीच राहतात सर." मी बँकेत होतो, कर्जदाराचा चेहरा ओळखतो. घरी येऊन वाचलं. हे मूळचं मिसिसिपीच्या खोऱ्यातलं पाहुणं, वाढून जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि सहज तीस वर्षं जगतं. कंटाळलेली माणसं ते ओढ्यात, तळ्यात सोडून देतात आणि मग ते तिथल्या कासवांच्या जागा बळकावतं. भाटकार, म्हणजे जमीनदार, नवा आला की कुळं उठायचीच. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर घुसखोर जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. त्यात माझं वय बासष्ट. तीस वर्षं म्हणजे पात्रांव मृत्युपत्रात घालावा लागणार.

मग देशी कासव? त्याला तर हातच लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, पहिली अनुसूची. पाळलं तर तीन ते सात वर्षं तुरुंग. हेही मी जेवतानाच वाचून दाखवलं. "सात वर्षं तुम्ही आत," बायको म्हणाली, "तळं कोण उपसणार?"

चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे घरी जेवले नाहीत, आजीच्या खोलीत जेवले.

तरी मी हटलो नाही. कासवाविना तळं, पण तळं होणार. पाण्याचं शास्त्र काढलं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट, ते झाडं घेतात. हे चक्र बसायला महिना-दीड महिना जातो, तोवर मासे सोडायचे नाहीत. म्हणजे नवी शाखा उघडल्यावर पहिला महिना-दीड महिना ग्राहक आत घ्यायचा नाही. शिवाय सगळं पाणी दर दोन तासांनी एकदा गाळणीतून फिरायला हवं, म्हणजे तासाला 14,400 लिटरचा पंप, अखंड. पावसाळ्यात ढग नुसता खाकरला तरी आमची वीज जाते. मी 'अखंड' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि पान उलटलं.

मेस्त, म्हणजे गवंडी, आला. त्याचं म्हणणं, चिरे लावून सिमेंट करू. मी म्हटलं, नव्या सिमेंटचा चुना उतरतो आणि मासे मरतात. तो म्हणाला, केळीचा गाभा कापून टाका, पाणी भरा, ओता, परत भरा. हे त्याचं बरोबर होतं; तसं करतात. पण 'परत भरा' म्हणजे आणखी 28,800 लिटर, आणि बायको खिडकीत उभी होती. म्हणून मी लाइनर, म्हणजे खड्ड्यात अंथरायचा जाड प्लास्टिकचा कागद, ठरवला. त्याचं सूत्र मला पाठ होतं: लांबी अधिक दुप्पट खोली अधिक काठाला साठ सेंटिमीटर. 6 अधिक 2.4 अधिक 0.6 म्हणजे 9 मीटर, तसंच रुंदीला 7. जांभ्याची टोकं बोचू नयेत म्हणून खाली वाळू आणि जुन्या वाकळी. वाकळींच्या बाबतीत आईशी जे बोलणं झालं ते इथे देत नाही.

मे महिन्याच्या मध्याला खोदायला घेतलं. हातभर माती, मग जांभा. हा दगड पोटात असताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो, त्यामुळे आज अर्धवट ठेवलेला कोपरा उद्या कुदळीला दाद देत नाही. "सर, सकयल फातोर," खाली दगड आहे, असं मेस्त रोज संध्याकाळी सांगायचा आणि रोज एक मजूर वाढायचा. चार दिवसांचं काम अठरा दिवस चाललं. 3 जूनला लाइनर अंथरला, टँकरवाल्याला फोन केला. तो उद्या येतो म्हणाला. पाऊस आजच आला.

वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात 1.2 मीटरचा खड्डा भरायला मी टँकर बोलावला होता, हे तेव्हा लक्षात आलं. पण पाणी लाइनरच्या वर जितकं पडलं त्यापेक्षा जास्त खालून आलं. मागच्या डोंगरातून झिरपून ते खड्ड्यात उतरलं आणि तिसऱ्या सकाळी बघतो तर तळ्याच्या मधोमध लाइनर पुरीसारखा टम्म फुगून वर आलेला. शेजारचे काका छत्री घेऊन बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "व्यायला आलीय का?"

लाइनर ओढून काढला, वाकळींचा लगदा काढला, आईला दाखवला नाही. मेस्त काठावर उभा राहून म्हणाला, "सर, हें तळें न्हय, ही चाळण." आणि दिवाळीनंतर येतो सांगून गेला.

चाळण पावसाने काठोकाठ भरली. त्याच रात्री हळदीसारखे पिवळे बेडूक येऊन ओरडायला लागले. एका रात्री कुंपणापाशी टॉर्च हलला, 'जंपिंग चिकन'वाले, म्हणजे खायला बेडूक पकडणारे. बायकोने त्यांना जो आवाज दिला त्याने बेडूकसुद्धा गप्प झाले. शेताचं पाणी गटारातून उलटं चढलं तेव्हा वलगणीबरोबर चंदेरी ठिपक्याचे मासे आले, मी न सोडता. काठाला वेखंड कुठून उगवलं ते आई सांगत नाही.

आणि गणेशचवथीनंतरच्या सोमवारी चिरंजीव ओरडत आले, "बाबा, पात्रांव आला!"

काठाच्या चिखलात चपटं, तपकिरी देशी कासव मान वर करून बसलं होतं. मला घाम फुटला. पहिली अनुसूची. मी खुर्ची लांब सरकवली, कासव मला ओळखत नाही असं दिसावं म्हणून. मग वनखात्याला फोन लावला आणि आवाज शक्य तितका निरपराध ठेवून हकिगत सांगितली. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुम्ही पकडलंत?" नाही. "कोंडलंत?" नाही. "मग तुम्ही ते पाळलेलं नाही. ते राहतंय. राहू द्या."

दिवाळीनंतर पाणी चाळणीतून उतरत गेलं. जानेवारीत तळाला फक्त चिखल उरला आणि पात्रांव त्यात शिरून दिसेनासा झाला. ही जात कोरड्या दिवसांत चिखलात गाडून घेते आणि पावसाची वाट बघत पडून राहते. नेमका तेव्हाच मेस्त उगवला, चार माणसं, कुदळी, नव्याने लाइनर टाकायच्या तयारीने. आई खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली.

"निजलेल्याच्या घरावर कुदळ घालतात का रे?"

मेस्ताने टोपी काढून खाली वाकून बघितलं. "पात्रांव उठसर रावया," उठेपर्यंत थांबू, असं तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आगाऊ घेतलेले पैसे त्याच्याकडेच आहेत. लाइनर पडवीत गुंडाळून ठेवलाय. त्या गुंडाळीत परवा मांजर व्यायली, त्यामुळे सध्या तोही हलवता येत नाही.