शंभराच्या आतली शाळा आणि चित्रकलेचा तास

शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलेचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ कलाशिक्षक, ठरवून दिला, परंतु पट शंभराच्या वर असेल तरच. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या लहान गावांच्या शाळा त्या अटीबाहेरच राहतात. गावाकडे फोन केला की यावर दोन मते ऐकू येतात. काहींच्या मते चित्रकला म्हणजे दहावीच्या वाढीव गुणांसाठी द्यायची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मग निदेशक कशाला? इतर म्हणतात, तळमळीचा गुरुजी खडूच्या तुकड्यावरही शिकवतो.

हे दुसरे मत मला अधिक घातक वाटते, आणि त्याचे कारण मी राहते त्या प्राग शहरात आहे. इथल्या पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात, तेरेझीनच्या नाझी छळवस्तीतल्या ज्यू मुलांची चित्रे लावलेली आहेत. मुलांना ती काढायला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांचा जन्म १८९८ चा, व्हिएन्नाचा. चित्रकार आणि कलाशिक्षक योहानेस इटन यांच्याकडे शिकून त्या १९१९ मध्ये त्यांच्यामागोमाग जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत गेल्या आणि तिथे विणकाम, छपाई, रंगमंचाची सजावट असे बरेच काही शिकल्या. १९३४ मध्ये व्हिएन्नात अटक झाल्यानंतर त्या प्रागला आल्या आणि निर्वासितांच्या मुलांना शिकवू लागल्या. त्या काळात त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एडिथ क्रेमर यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये कलोपचाराचा, म्हणजे कलेतून मनावर उपचार करण्याच्या पद्धतीचा, पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल यांना तेरेझीनला नेण्यात आले, तेव्हा त्यांनी सामानात चित्रकलेचे साहित्य भरले. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवून ठार मारण्यात आले. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रे उरली. ती काढणारी बहुतेक मुलेही मारली गेली.

या चरित्रातून ‘साधने नसली तरी चालते’ एवढाच धडा घेणे सोयीचे आहे, पण रद्दी कागदावर शिकवू शकणाऱ्या त्या बाईंच्या पाठीशी वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण होते. लय पकडणारी रेघ, पोत, कातरकामातून जुळवलेले आकार हे इटन यांच्या वर्गातले सराव त्यांनी मुलांपर्यंत आणले. मुलाने मोठ्यांच्या नजरेने नव्हे, स्वतःच्या नजरेने पाहावे, यावर त्यांचा भर होता. आमच्या खारपाणपट्ट्यात क्षितिजापर्यंत कपाशी आणि तूर दिसते, डोंगर नावालाही नाही. तरी आम्ही सगळ्यांनी वहीत दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्यच काढला, कारण फळ्यावर तोच होता. (बैल मात्र तान्ह्या पोळ्याला रंगवावे लागत म्हणून असतील, बऱ्यापैकी जमत.) तळमळ आमच्या गुरुजींकडेही कमी नव्हती.

इथे प्रागमध्ये दुपारनंतर चालणाऱ्या अनुदानित कलाशाळा आहेत. चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य शिकायला पालक थोडी फी भरतात. तेच तिकडे करा, असे मी सुचवणार नाही. शेवटची एसटी चुकली तर पोरगी घरी कशी येईल, हा आईचा पहिला प्रश्न असेल आणि तो रास्त आहे. म्हणून पोरांनी नव्हे, शिक्षकाने फिरावे. पट एकेका शाळेचा न मोजता केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांचा एकत्र मोजावा आणि त्यावर कलाशिक्षणाची पदविका असलेला एक पूर्णवेळ शिक्षक, प्रवासभत्त्यासह, नेमावा.