भुवया करून घेतल्या, आणि हे मी लपवणार नाही

पतसंस्थेत गेले काही दिवस रोज कुणीतरी विचारतंय, "मॅडम, चेहरा वेगळाच दिसतोय, काय केलंत?" रजेवरून आल्यावर आठवडाभर मी "काही नाही हो, जरा विश्रांती झाली" असं सांगत राहिले. मग माझं मलाच ते नको वाटायला लागलं. खोटं बोलण्यासारखं मी काय केलं होतं? म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय. मी भुवयांचं मायक्रोब्लेडिंग करून घेतलंय, म्हणजे बारीक सुयांच्या ब्लेडनं कातडीत रंग भरून केसांसारख्या रेघा काढून घेतल्यात. काही जणी त्याला आयब्रो एम्ब्रॉयडरी म्हणतात, म्हणजे भुवयांवरचं भरतकामच. माझं वय ४६, राहणार सांगली, दिवसभर कॅश काउंटरवर माणसांसमोर बसणारी बाई. माझ्यासारख्या इथं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय.

९ वर्षांपूर्वी मला थायरॉईड निघाला. थायरॉईड कमी पडला की भुवयांची बाहेरची बाजू विरळ होऊ शकते, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. माझी झाली. त्यात कॉलेजपासून बारीक, कोरलेल्या भुवयांची फॅशन होती आणि आम्ही सगळ्याजणी दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंगला जायचो. वर्षानुवर्षं ओढलेले केस पुन्हा येतीलच असं नसतं. गोळी सुरू झाली, डोक्यावरचे केस सावरले, पण भुवयांची टोकं काही परत आली नाहीत. मग रोज सकाळी पेन्सिल. डबे, दूध, सासूबाईंचं औषध आणि त्यातून दहा मिनिटं आरशासमोर, दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी लाईट गेलेली, काउंटरच्या काचेमागं भट्टी झालेली. मी पदरानं कपाळ पुसलं. समोर आमचे एक जुने खातेदार आजोबा पासबुक घेऊन उभे होते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, हितं काहीतरी लागलंय बघा," आणि स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. बाथरूमच्या आरशात बघितलं तर डावी भुवई अर्धी गायब आणि तिचा काळा फराटा कानापर्यंत गेलेला. आजोबांच्या मनात काही नव्हतं, उलट कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज लहान केला होता. तरी संध्याकाळपर्यंत मी डावा हात कपाळाशी धरूनच नोटा मोजल्या. ज्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मला ती किरकोळ नव्हती.

जानेवारीत पैसे साठले. घरी सांगितलं, फेशियलला जाते. ह्यांनाही तेच, मुलीलाही तेच. एका पार्लरमध्ये फोन करून ठेवला होता, दुसरीकडच्यापेक्षा निम्म्या दरात करतो म्हणाले होते. मी आडवी झाले, डोळे मिटायच्या आधी सहज शेजारच्या ट्रेकडं नजर गेली. ब्लेड हँडलला आधीच लावलेलं होतं. रंगाच्या बाटलीवरचं लेबल अर्धं निघालेलं. मी विचारलं, "हे नवीन आहे ना?" ती मुलगी म्हणाली, "हो मॅडम, सॅनिटायझरनं पुसलंय."

नवीन असेल तर पुसायचं कशाला?

मी उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर हात थरथरत होते. या कामात ब्लेड म्हणजे ओळीनं बसवलेल्या अगदी बारीक सुया असतात. त्या कातडी उघडतात आणि रक्त येतं. एकीच्या रक्ताला लागलेली सुई दुसरीला लावली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, काहीही जाऊ शकतं. सॅनिटायझरनं पुसून सुई निर्जंतुक होत नाही. ती एकदाच वापरायची आणि फेकायची, एवढंच.

पण रिक्षात मला जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. मी तिथं आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. काही झालं असतं तर मी तक्रार कुणाकडं केली असती? घरी काय सांगितलं असतं? आणि असल्या जागा चालतात त्या आमच्यासारख्यांच्या या गप्प राहण्यावरच, हे मला त्या दिवशी कळलं. नटण्यामुरडण्याची गोष्ट म्हणून आम्ही लपूनछपून जातो, लाजेपोटी प्रश्न विचारत नाही, लवकर आटपावं म्हणून घाई करतो, आणि बिघडलं की ओढणी पुढं घेऊन गप्प बसतो. ऑपरेशनला जाताना चार ठिकाणी चौकशी करणारी बाई इथं मात्र एका फोनवर जाऊन आडवी होते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. करायचं तर उघड करा. घरी सांगून, कुणाला तरी सोबत घेऊन, चार प्रश्न मोठ्या आवाजात विचारून.

घरी आल्यावर मी ह्यांना खरं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी सोडायला आलो असतो की." आधीच का सांगितलं नाही, याचं मला रडू आलं.

दुसऱ्यांदा चौकशी करून विश्रामबागेत हेच काम करणाऱ्या एका बाईकडं गेले. तिनं पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, फक्त प्रश्न विचारले. थायरॉईडची शेवटची तपासणी कधी केली? शुगर आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितंय का? पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी अलीकडं घेतली होती का? जखम भरताना कातडी फुगून गाठीसारखी येते का? यातल्या बऱ्याच गोष्टींना ती थेट नाही म्हणते किंवा डॉक्टरांना विचारून या म्हणते. मग कानामागं रंगाचा ठिपका लावून बघितला आणि घरी पाठवलं. मला तिथंच विश्वास बसला. गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकणारी बाई मला हवी होती.

कामाच्या दिवशी निम्म्याहून जास्त वेळ नुसत्या आखणीत गेला. रंग लावलेला दोरा ताणून तिनं कपाळावर रेघा उमटवल्या, अगदी सुतार लाकडावर दोरी मारतो तशा. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर गेलं की भुवई तिथं सुरू होते. नाकपुडी ते बुबुळ अशी रेघ धरली की कमान कुठं ते कळतं, आणि नाकपुडी ते डोळ्याचा बाहेरचा कोपरा धरला की टोक कुठं संपतं ते. आखणी बसवून केली, कारण आडवं झालं की चेहऱ्याची कातडी सरकते. माझी उजवी भुवई डावीपेक्षा वर आहे हे मला ४६ वर्षांत पहिल्यांदा कळलं. तिनं आरसा हातात दिला. मी म्हटलं, कमान जरा खाली घ्या, मला रागीट दिसायचं नाही. तिनं पुसून पुन्हा आखलं. तीनदा आखलं.

बधिर करायचं क्रीम लावून अर्धा तास थांबलो. मग तिनं ब्लेडचं सीलबंद पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरलं, त्यावरची मुदतीची तारीख मला वाचायला लावली आणि फाडलं. एक एक केस रेखावा तशी रेघ. दुखतं का म्हणाल तर दुखणं थोडं, पण आवाज येतो, हाडाजवळ कुणीतरी जाड कापड टराटरा फाडतंय असा. तो आवाज कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतेय. दुसऱ्या बाजूला क्रीमचा असर कमी झाल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. सगळं मिळून अडीच तास.

पुढचे दहा दिवस खरे परीक्षेचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुवया एवढ्या गडद झाल्या की मुलगी घाबरली. सहाव्या दिवशी खपल्या धरल्या, खाज सुटली. खपली ओढायची नाही, ओढली की तिथला रंगही निघून येतो. पाणी, घाम, वाफ, ऊन, सगळं वर्ज्य. म्हणूनच तिनं फेब्रुवारीत करून घ्या म्हटलं होतं, उन्हाळ्याच्या आत. खपल्या पडल्यावर तर वाटलं पैसे पाण्यात गेले, रंग एकदम फिका. ते तसंच होतं. वर नवी कातडी येते म्हणून खालचा रंग दिसत नाही, महिनाभरात परत वर येतो. माझा आला.

याच दिवसांत तासगावहून माझी आई आली. बघितल्याबरोबर म्हणाली, "जखमंला हळद भर की गं. सांगलीत ऱ्हाऊन हळद न्हाई व्हय घरात?" आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिचा मला अभिमान आहे. पण या जखमेवर हळद नको, खोबरेल नको, कोरफड नको. उघड्या कातडीत आपण रंग भरलाय, तिथं दुसरं काही भरायचं नसतं. जे मलम दिलंय तेच, तेही नखभर.

आई दोन दिवस माझ्याकडं बघत होती. मग एकदम म्हणाली, "आज्जीच्या कपाळावर हुतं न्हवं, त्यातलंच हे." आज्जीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं, हातावर तुळस. जत्रेत गोंदणारीण यायची, एकाच सुईनं साऱ्या आळीला गोंदायची. दागिने मागं राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आज्जी म्हणायची. तिचं गोंदण मी लहानपणी बोटानं चाचपायची. ते काळं नव्हतं, हिरवट निळं होतं. कातडीखाली गेलेला काळा रंग निळसर दिसायला लागतो, हे मला आता या कामाच्या निमित्तानं कळलं. म्हणूनच मी कुळकुळीत काळा मागितला तर त्या बाईनं नकार दिला आणि गडद तपकिरी घातला.

आता या कामाला "सेमी-परमनंट", म्हणजे काही काळापुरतं टिकणारं, म्हणतात त्या शब्दाबद्दल, कारण त्यावर पुष्कळ जणी फसतात. साधारण वर्ष-दोन वर्षांत रंग फिका होतो, तेलकट कातडीवर त्याआधीच, आणि रेघाही पसरतात. पण पूर्ण पुसला जाईलच असं नाही, हलकी छटा राहू शकते. काढायचा म्हटलं तर लेसर आहे, पण काही रंग लेसरनं जाण्याऐवजी आणखी काळे पडतात. एमआरआय करायची वेळ आली तर तिथं आधी सांगायचं, कारण ते मशीन चुंबकावर चालतं आणि काही रंगांत लोखंडाचे ऑक्साइड असतात. आणि रक्तदानाच्या फॉर्मवर गोंदणाचा प्रश्न असतो. संस्थेच्या वर्धापनदिनाच्या शिबिरात मी दरवर्षी रक्त देते, यंदा देता येणार नाही. ही एकच गोष्ट मनाला लागली.

"या वयात कशाला?" असं दोघी-तिघींनी विचारलं. एकीनं देवानं दिलंय ते राखावं म्हटलं. त्यांचे स्वतःचे केस मेंदीनं रंगवलेले आणि दात कवळीचे आहेत, आणि त्यात मला काहीही वावगं वाटत नाही. चष्मा, कवळी, केसांचा रंग आपण कधीच आपलासा केलाय. भुवई गेलेल्या बाईला भुवई हवी असेल तर तिला तेवढीच मोकळीक मिळायला हवी.

माझ्या मुलीचा प्रश्न मात्र अवघड होता. ती १९ वर्षांची आहे. म्हणाली, "आई, तू मला म्हणतेस आहेस तशी छान आहेस, मग तू का केलंस?" मी दोन दिवस विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, माझं जे होतं ते आजारानं गेलं, ते मी परत आणलं. तुझं आहे. आणि तुझ्या वयात मी बारीक भुवयांच्या नादानं काय घालवलं ते तू बघतेस. आज जाड भुवयांची फॅशन आहे, पाच वर्षांनी काय असेल कुणास ठाऊक, कातडीत घातलेला रंग फॅशन बघून बदलत नाही. तिला पूर्ण पटलंय असं नाही. बोलणं चालू आहे, आणि ते उघड चालू आहे याचं मला समाधान आहे.

परवा एक खातेदार ताई आल्या. डोक्याला स्कार्फ, मिरजेत केमो चालू आहे. सही करून झाल्यावर थांबल्या, माझ्या भुवयांकडं बघितलं आणि विचारलं, "दुखतं का हो फार?" मागं रांग होती. मी शेजारच्या मॅडमना काउंटर बघायला सांगितलं आणि त्यांना बाहेर बाकड्यावर घेऊन बसले. सगळं सांगितलं. ट्रीटमेंट चालू असताना बिलकूल करू नका, प्रतिकारशक्ती कमी असते, जखम चिघळू शकते. संपल्यावर तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. त्यांनी ते सगळं पावतीच्या मागं लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी माझा टच-अप आहे. जिथं रेघ धरली नाही तिथं पुन्हा भरायचं. काल आईचा फोन आला, म्हणाली, "यष्टीनं येते मी. तुझ्यासंगट बसते. पाकीट माझ्यासमोर फोडायला सांग तिला."