रिमाइंडर का आला नाही, ते सांगतो (मालकाकडून उत्तर)

मॅडम, इन्शुरन्स एजंटांचे कागद वाचून लावणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरवर तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. दोनदा वाचला, पहिल्यांदा डोकं तापलं म्हणून नीट कळलाच नाही. तुमचं म्हणणं असं की गाडीच्या इन्शुरन्सच्या रिन्यूअलचा रिमाइंडर आला नाही आणि कस्टमरची पॉलिसी ब्रेक-इनमध्ये गेली (म्हणजे मुदत संपून मध्ये खंड पडला), आरसी (गाडीचं रजिस्ट्रेशन कार्ड) शोधली तर सापडली नाही, फाइली आपोआप उडतात, आणि सोडून जातो म्हटलं तर आम्ही डेटा द्यायचे पैसे मागतो. वर "डेमोपुरतं गोड बोलतात" हे पण आहेच. ठाण्यात वागळे इस्टेटला आम्ही सगळे मिळून सहा जण, त्यामुळे कोणाच्या मागे लपायची सोय नाही, मीच उत्तर देतो.

रिमाइंडरचं आधी, कारण तिथे चूक शंभर टक्के आमची आहे. गुरुवारी तुमच्या नौपाड्याच्या ऑफिसला येऊन बसलो तेव्हा ती पॉलिसी प्रिंट काढून बघितली. गाडी गेल्या वर्षी घेतलेली. आता नवीन कारला २०१८ च्या सप्टेंबरपासून थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर) तीन वर्षांची घ्यावीच लागते, टू-व्हीलरला पाच, पण ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) बहुतेक जण एकच वर्षाचं घेतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. तर त्या कागदावर वरच्या चौकटीत ओडीची मुदत आणि बरोबर तिच्याखाली थर्ड पार्टीची, दोन वर्षं पुढची. आमचं सॉफ्टवेअर सुरू झालं ते मेडिक्लेम आणि दुकानांच्या फायर पॉलिसीवर, तिथे सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख एवढंच असतं, म्हणून आम्ही साधा नियम घातला होता की जास्त तारखा दिसल्या तर सगळ्यात पुढची ती एक्स्पायरी. त्या नियमाने तुमच्या कस्टमरची गाडी अजून दोन वर्षं सेफ दिसत होती. हिरवा टिकमार्क सुद्धा होता वर, तो बघून मलाच लाज वाटली.

मधल्या अकरा दिवसांत गाडीला काही झालं नाही हे नशीब. इन्स्पेक्शनला गाडी उभी करावी लागली, कस्टमरने तुम्हाला ऐकवलं, ते आमच्यामुळे. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) वाचला कारण ९० दिवसांच्या आत काम झालं, पण ते तुम्ही धावपळ केलीत म्हणून, आमचं त्यात काही श्रेय नाही. आता काय केलंय तर ओडी आणि थर्ड पार्टीच्या तारखा वेगळ्या दिसतात, रिमाइंडर दोन्हीचे वेगळे येतात, आणि जिथे गोंधळ वाटेल तिथे सॉफ्टवेअर अंदाज करत नाही, पिवळी चौकट दाखवून तुम्हाला विचारतं. जुन्या सगळ्या मोटर पॉलिसी परत वाचायला लावल्यात, फक्त तुमच्याच नाही, सगळ्या एजंटांच्या. वाचणाऱ्यांपैकी कोणी आमचं सॉफ्टवेअर वापरत असेल तर आजच पिवळ्या चौकटी बघून घ्या प्लीज.

आणि एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत ते मीच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पर्सनल हेल्थ आणि लाइफवरचा जीएसटी शून्य झाला ना, त्यानंतर काही पावत्यांवरची जीएसटीची ओळच गेली आणि आमचं सॉफ्टवेअर त्या ओळीच्या खालचा आकडा उचलायचं. त्यामुळे तुमच्याकडे काही पावत्यांवर प्रीमियम कोरा दिसत असेल. ते दुरुस्त झालंय.

आरसीचं. ती हरवली नव्हती, "न ओळखलेले" मध्ये पडली होती. मोबाइलने काढलेला फोटो, कार्डावर ट्यूबलाइट चमकतेय, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा, आणि एमएच-०४ मधला शून्य मशीनने इंग्रजी ओ वाचला. तुम्ही शून्य टाकून शोधणार, मग कशी सापडणार. आता सर्चमध्ये ओ आणि शून्य दोन्ही चालतात. पण मॅडम, फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना कस्टमरला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि मग मशीनच काय, मला पण नंबर वाचता येत नाही.

डेटाचे पैसे. आमच्या ऑफिसमधल्या मुलाने तुम्हाला जो आकडा सांगितला तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आमच्याकडे कागद आणून लावून द्यायचा रेट होता. बाहेर न्यायला एक रुपया नाही, कागद तुमच्या कस्टमरचे आहेत, आमचे थोडीच. त्याने चुकीचं सांगितलं, त्याला ते शिकवलं नाही म्हणजे ती पण माझीच चूक. सगळ्या फाइलींची झिप तुम्हाला शुक्रवारीच दिलीये, जायचं असेल तर खुशाल जा, मागच्या तीन महिन्यांचे पैसे पण परत केलेत.

आता फाइली आपोआप उडतात हे मात्र मी मान्य करणार नाही. लॉग (कोणत्या लॉगिनने काय केलं त्याची नोंद) तुमच्यासमोर उघडला होता. त्या डिलीट झाल्या तुमच्याच लॉगिनमधून, दुपारी, हाताने, एकेक करून. कोणी केल्या ते मला माहीत नाही आणि लॉगलाही माहीत नाही, कारण पाच जण एकच लॉगिन वापरतायत आणि पासवर्ड मॉनिटरखाली चिठ्ठीवर चिकटवलाय. काम सोडून गेलेल्या माणसाला पण तो पाठ असेल. फाइली ३० दिवस बिनमध्ये राहतात म्हणून सगळ्या परत आल्या, पण लोकांची आधार, पॅन, मेडिकल रिपोर्ट आहेत त्यात, हे असं नका ठेवू.

पाच जणांची पाच लॉगिन बनवून तुमच्या मोबाइलवर पाठवलीत, जादा चार्ज नाही. जुनं आज रात्री बंद होतंय, तेवढं स्टाफला आत्ताच सांगा, नाहीतर उद्या सकाळी दहाला "सॉफ्टवेअर चालत नाही" म्हणून परत फोन येईल.