तेनझिनची सर्व्हिस आणि बंडूभाऊंचा जावई

मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, व्हॉलीबॉल सामन्याचा किस्सा आता तालुकाभर झालाय, त्यामुळे तो पुन्हा सांगत बसत नाही. पत्रिकेत ‘फक्त पंचक्रोशीतील खेळाडू’ असं छापलं होतं, गोठणगावच्या तिबेटी कॅम्पातला तेनझिन सर्व्हिसला उभा राहिला, समोरच्यांनी हरकत घेतली, पंचांनी ती मानली आणि आपल्याच कमिटीतल्या दोघांनी माना डोलावल्या. समोरच्यांवर माझा राग नाही, सामना जिंकायला लोक काहीही करतात. पण माना डोलावणाऱ्यांपैकी एक बंडूभाऊ होते, आणि संध्याकाळी रमेशच्या पानठेल्यासमोर पारावर तेच सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

हिरामणदादा आले ते खर्रा घोटतच. वडशाच्या नाटक कंपनीत पेटी वाजवणारा हा माणूस दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळ्या गावात रात्र काढतो. त्या दिवशी प्रयोग नव्हता, हे आमचं नशीब.

“बंडू, पोट्ट्याले काहून काढलं बे?”

“नियम म्हंजे नियम. पत्रिका नाही वाचली का? पंचक्रोशीतला पाहिजे.”

“मंग गोठणगाव पंचक्रोशीत नाही का?”

“गोठणगाव आहे. पन तो गोठणगावचा थोडीच आहे? तो कॅम्पातला. चीनकडचा.”

“चीनकडचा!” दादांनी खर्र्याची पन्नी पाटीवर आपटली. “तिबेटी कॅम्प इथं बसला 1972 ले. आपला गोंदिया जिल्हा झाला 1999 ले. जिल्ह्याहून जुना आहे तो कॅम्प. आधी जिल्ह्याले काढ पंचक्रोशीतून, मंग पोट्ट्याले काढ.”

बंडूभाऊंचं एक आहे. मुद्दा हातचा गेला की ते आवाज चढवतात आणि बोटं मोजायला लागतात. “एक, त्यायचा देव वेगळा. दोन, त्यायची भाषा वेगळी. तीन, अरे, तोंड तं पाहा त्यायचं...” चौथ्या बोटाला काही सुचेना, म्हणून तिसराच मुद्दा त्यांनी आणखी मोठ्यानं सांगितला.

“देवाचं बोलू नको,” रमेश आतून म्हणाला. “महाशिवरात्रीले प्रतापगडावर महादेवाले जातेस अन् तसाच दर्ग्यावर माथा टेकवून येतेस. तवा नाही आठवत वेगळा देव.”

भाषेचं मी सांगितलं, कारण ते मी स्वतः ऐकलंय. तेनझिनची आजी आठवडी बाजारात सांभारवालीशी, म्हणजे कोथिंबीरवालीशी, घासाघीस करत होती. “एवढुशा जुडीचे एवढे पैसे? मागच्या बाजारी तं कमी होते वो बाई. वरून दोन मिरच्या टाक मंग.” मी पाठमोरा होतो. आवाजावरून मला ती आमच्याच आळीतली कुणी म्हातारी वाटली. ही बाई लहानपणी हिमालय ओलांडून आली आणि आज सांभाराच्या जुडीवर दोन मिरच्या फुकट मागते आहे, झाडीपट्टीतल्या कुठल्याही बाईसारखी. आणखी कशी भाषा पाहिजे बंडूभाऊंना?

पंकज इतका वेळ गप्प होता. तो चाकणला कंपनीत आहे, मंडईसाठी सुट्टी काढून आला होता. “तोंडाचं काढलंच आहे काका, तं ऐका. 2020 चा मार्च. मी अन् तेनझिन नागपूरहून एसटीनं येत होतो. पुढच्या सीटवरच्या मानसानं मागं वळून तेनझिनकडं पाह्यलं, नाकाले रुमाल लावला अन् ‘कोरोना’ म्हनला. दोन पोट्टे हासले. तेनझिननं जे खिडकीकडं तोंड फिरवलं, ते साकोली येवस्तोवर. अन् सर्दी-खोकला कोनाले होता? मले. सगळ्या वाटेनं मीच खोकलत होतो. मले कोनी काही म्हनलं नाही.”

पारावर कोणी बोललं नाही. बंडूभाऊसुद्धा.

त्या वर्षी पुण्या-मुंबईत, दिल्लीत मणिपूर, नागालँडच्या किती पोरापोरींनी हाच शब्द ऐकला. त्याच्या सहा वर्षं आधी, जानेवारी 2014 मध्ये, निदो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगरात केसांवरून झालेल्या टिंगलीतून मार खाऊन जिवानिशी गेला. त्यानंतर केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली, तिनं कायदा कडक करायला सांगितलं. आपण इथं पारावर बसून म्हणतो की हे सगळं मोठ्या शहरांचं लफडं आहे. रविवारी आपल्याच मैदानावर, आपल्याच चुन्याच्या रेघेत तेच झालं. त्याच संघात केशोरीचा पोरगा होता. तो कुठला, असं कोणी विचारलं नाही. पुरावा कोणाकडे मागायचा, हे आपण तोंड बघून ठरवतो. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

“चाकणचं सांग ना,” रमेशनं पंकजला छेडलं.

“काय सांगू? खोली पाहाले गेलो. घरमालकीण म्हणे, गडचिरोलीकडचे का? तिकडे नक्षलवादी असतात ना? मी म्हनलं, काकू, मी गोंदियाचा. ती म्हणे, तेच ते.”

सगळे हसले. बंडूभाऊ तर मांडीवर थाप मारून हसले.

“तू हासू नको,” हिरामणदादा म्हणाले. “ते बाई तुह्यापेक्षा बरी. तिनं खोली तं देली.”

बंडूभाऊंचा एक मुद्दा मात्र वजनदार होता आणि तो त्यांनी आवाज न चढवता मांडला. “ते सोताच म्हंतेत ना, आमी तिबेटले परत जानार म्हनून? मंग गावचे कसे होतीन?”

हे खरं आहे. कॅम्पातल्या म्हाताऱ्यांच्या घरात दलाई लामांचा फोटो आणि परत जायची आशा, दोन्ही एकाच भिंतीवर आहेत. पुष्कळांनी नागरिकत्वासाठी अर्जच केला नाही, कारण तो केला तर आपण परत जायचं सोडून दिलं असं त्यांना वाटतं. पण कायदा काय सांगतो? 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात जो भारतात जन्मला तो जन्मानंच भारतीय, आईबाप कुठलेही असोत. तेनझिनचा बाप 1976 चा, जन्म इथलाच. म्हणजे बाप नागरिक, आणि 2003 साली जन्मलेला तेनझिनही बापाच्या नात्यानं नागरिक. अशा तिबेट्यांना मतदार यादीत घ्या, असं निवडणूक आयोगानं 2014 मध्ये सांगितलं. मात्र 2017 मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या: निर्वासिताचं नोंदणी प्रमाणपत्र परत करायचं आणि कॅम्पात राहायचं नाही. म्हणजे कागदावर देशाचा व्हायचं तर आजीचं घर सोडायचं. ज्यानं उभ्या जन्मात तिबेट पाहिलं नाही, अशा पोरावर ही निवड टाकलेली आहे, आणि आपण त्याला विचारतो, तू नक्की कुठला?

दादांचं उत्तर माझ्यापेक्षा आखूड होतं. “पंकज काय म्हंते? चाकणहून एक दिवस परत येईन म्हंते. मंग कंपनीच्या टीममधून काढावं का त्याले?”

“मी खेळतो ना कंपनीकडून,” पंकज म्हणाला. “तिथं कोनी दाखला नाही मागत.”

आता बंडूभाऊंनी ठेवणीतलं काढलं. “आमी कोहळी! नवेगावचा बांध कोनं बांधला? कोलू पाटलानं. हे मामा (माजी मालगुजारी) तलाव कोनाचे? आमच्या बापजाद्यायचे. आमी मूळचे!”

“बांधले ना. कोन नाही म्हंते? तुमी होते म्हनून ह्या झाडीत धान पिकून राह्यला. पन तुमचेच बुढे सांगत, का गोंड राजानं आपल्याले बनारसकडून आनलं. तवा पंचक्रोशी कोठवर होती बे, काशीपर्यंत?” दादा सुखदेवकडे वळले. “मूळचा म्हनशील तं हा. सांग रे सुखदेव.”

सुखदेव मडावी पाराच्या कडेला बसून शांतपणे बिडी ओढत होता. तो वैतागला. “माह्या नावानं तुमी दोघं भांडू नका. दर खेपेले भांडन झालं का मले मधात ओढता, मूळचा, मूळचा! मूळचा असून काय भेटलं? पोरीच्या जात पडताळणीले 1950 च्या आधीचा कागद मांगतेत. माहा आजा जंगलात होता, त्याच्यापाशी कागद होता का? तुमच्या भाषनात मी मूळचा, अन् हापिसात मीच सिद्ध करा. तेनझिनचं मले इचारता तं त्याची सर्व्हिस चांगली आहे. खेळू द्या.”

एवढं बोलून त्यानं बिडी विझवली. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसतो, पण मुलीच्या फाईलचं त्यानं कधी सांगितलं नव्हतं. हा कागद सगळीकडेच आडवा येतो. मुलचेरा, चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली आहेत, त्यांच्यातले नमःशूद्र बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात, इथल्या यादीत त्यांचं नावच नाही. दोन पिढ्या इथं धान लावून झाला तरी.

“अन् बंडू,” दादांनी आवाज एकदम मऊ केला, तेव्हाच मला कळलं की आता काहीतरी येणार. “तुह्या वनहक्काच्या दाव्याचं काय झालं?”

बंडूभाऊंनी टोपी सारखी केली. “आहे पेंडिंग.”

“काय कागद मांगतेत?”

“...तीन पिढ्यायचा.”

आदिवासी नसलेल्याला या कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, म्हणजे थेट 1930 पासूनचा. बंडूभाऊ त्यासाठी किती वेळा तहसिलीत जाऊन आलेत हे सगळा पार जाणतो. तिथून आल्यावर याच जागेवर बसून ते तळमळून म्हणतात की आमची हाडं या मातीत गेली, आता कागद कुठून आणू. तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या बाजूनं असतो. मी आजही आहे, त्यांचा दावा मंजूर झालाच पाहिजे. म्हणून तर रविवारी त्यांची डोललेली मान मला सहन झाली नाही.

“दाव्याचं येगळं अन् व्हॉलीबॉलचं येगळं,” बंडूभाऊ पुटपुटले.

“येगळं कसं? नाटकाले हिरोईन नागपूरची आनतेस, तवा म्हंतेस, आपल्या गावचा प्रयोग झकास झाला. शंकरपटाले बैलजोडी बालाघाटची, ते गावची शान. अन् सर्व्हिस तेवढी पंचक्रोशीतलीच पाहिजे! बरं, तेनझिनले काढून त्याच्या जागी कोन उतरला?”

रमेशनं तोंडावर हात घेतला. पंकज उठून उभाच राहिला.

“कोन उतरला, बंडू?”

“...आमचे जावई.”

“जावईबापू कोठचे?”

“लाखांदूरचे. पन ते आता आमच्याकडंच राह्यतेत!”

“अन् बॉल कोठं गेला त्यायचा?”

“नाल्यात,” सुखदेव म्हणाला, आणि पार फुटला.

हसणं ओसरल्यावर मी माझं म्हणणं मांडलं. सामना गेला तर गेला, पण कमिटीनं कॅम्पात जाऊन तेनझिनची आणि त्याच्या आजीची माफी मागावी, आणि बंडूभाऊंनी सगळ्यात पुढे असावं. हिरामणदादा येतो म्हणाले, सुखदेवही. बंडूभाऊ म्हणाले, आधी नियम नीट करू, मग माफीचं बघू.

“कर मंग,” म्हणून दादांनी रमेशच्या उधारीच्या वहीतला कोरा कागद फाडून त्यांच्यापुढे ठेवला. “पुढच्या सालच्या पत्रिकेत काय छापाचं ते आत्ताच लिही.”

बंडूभाऊंनी लिहिलं, ‘पंचक्रोशीत जन्मलेला’.

“जावई गेला,” रमेश म्हणाला.

खोडलं. ‘पंचक्रोशीत राहणारा’.

“तेनझिन आला.”

खोडलं. बराच विचार करून, ‘ज्याचा बाप पंचक्रोशीत जन्मला’.

“तेनझिन आलाच, अन् जावई पुन्हा गेला.”

बंडूभाऊंना घाम फुटला. ‘ज्याच्या घरची इथे शेती आहे’.

“कॅम्पाले शेती देलेली आहे सरकारनं,” दादा म्हणाले. “तुह्या जावयाच्या नावानं काय आहे इथं?”

“उधारी आहे,” रमेशनं वही वर धरली. “पान नंबर सांगू का?”

आता बंडूभाऊही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कागद चुरगाळून त्यांनी नालीत टाकला. “बरं बाप्पा, खेळू द्या पोट्ट्याले. येतो मी कॅम्पात. पन एक सांगून ठेवतो, पटात बालाघाटची जोडी मी चालू देनार नाही!”

“काहून, हारला होतास म्हनून?” रमेश म्हणाला.

“हारलो? त्या सालची घड्याळच बिघडली होती! कासराकरानं...”

“घड्याळ नाही, तुहा बैल बिघडला होता,” सुखदेव म्हणाला, आणि मग कॅम्प, कागद, कायदा सगळं राहिलं बाजूला. त्या बैलावरून जे सुरू झालं ते रमेशनं पानठेल्याची फळी लावली तरी थांबलं नव्हतं.