‘चिकन चारून कुत्री शहाणी होत नाहीत’ असं लिहिणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

पोदेराच्या (सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या) हॉर्नवर भुंकणारी माझी कुत्री चिंगी चिकनच्या तुकड्यांनी कशी शांत झाली, त्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘चिकन चारून कुत्री शहाणी होत नाहीत, ती लाच झाली. घरात मालक कोण ते एकदा दाखवून द्या. तुम्हा हौशी लोकांमुळेच कुत्री माजतात. पट्टा किती लांब हवा तेही लिहिलेलं नाही. आणि ती पोदेराला चावली तर? तोंडाला जाळी का नाही?’

पट्ट्याचं मान्य. नुसतं ‘लांब’ म्हणून भागत नाही, आकडा द्यायला हवा होता. रस्त्यावर सहा फूट पुरे.

पण ‘हौशी’ हा शब्द मला लागला. ओळख ना पाळख, एका शब्दात माझी चाळीस वर्षं मोडीत! डिचोलीच्या आमच्या घरात मला कळतंय तेव्हापासून कुत्री आहेत, आणि तुमचा उपाय मी अंगणात पाहिलेला आहे. आमचा बंड्या परका माणूस दिसला की गुरगुरायचा. वडिलांनी निगडीच्या फोकाने चार-पाचदा बडवला. महिनाभरात गुरगुरणं बंद. सुधारला, असं सगळे म्हणाले. चवथीला घुमट आरतीसाठी माणसं जमली तेव्हा तो बाकाखाली होता. शेपूट पोटाशी, कान मागे, तोंड घट्ट मिटलेलं. चुलतभाऊ त्याला कुरवाळायला वाकला आणि बंड्याने हूं की चूं न करता मनगटात दात रुतवले. गुरगुरणं आम्ही मारून काढलं होतं, भीती तशीच आत होती. पुढे तो साखळीलाच राहिला आणि साखळीलाच गेला. हे मी विसरलेलो नाही, म्हणून ‘माजतात’ वाचून हात थरथरला.

‘मालक कोण’ या समजामागे रुडॉल्फ शेंकेल यांचा १९४७चा लांडग्यांवरचा अभ्यास आहे. कळपात वरचढ कोण यासाठी लांडगे झगडतात, असं त्यात होतं. पण ते लांडगे बंदिस्त होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९मध्ये स्पष्ट मांडलं. आणि चिंगी तर लांडगाही नव्हे.

राहिली लाच. लाच आधी दाखवतात. मी चिकन आधी दाखवतच नाही. सकाळी पोदेराच्या सायकलचा ‘पों पों’ येतो, चिंगीचे कान ताठ होतात, आणि मगच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तिच्या तोंडाशी जातो. हॉर्न थांबला की चिकनही थांबतं. तिने तुकडा नाकारला तर ती हट्टी नसते, आपण हॉर्नच्या फार जवळ आलेलो असतो. दहा पावलं मागे सरायचं. सुरुवात चाळीस पावलांवरून केली. तीन महिन्यांनी बारा पावलांवर हॉर्न वाजला तरी ती वळून माझ्याकडे बघते. तिला गप्प बसायला मी शिकवलेलं नाही. हॉर्नचा अर्थ बदलला, तेव्हा ती आपोआप गप्प झाली. हे लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंच नाहीत, असं दिसतं.

जाळीचा विषय वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. चिंगी आजवर कुणालाही चावलेली नाही.

मतभेद जरूर कळवा. पण त्या मुक्या जीवाला पुन्हा ‘माजलेली’ म्हणाल तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.