‘हादऱ्यांनी विमान कधी पडत नाही’ म्हणे!

"टर्ब्युलन्समुळे आजवर एकही प्रवासी विमान पडलेलं नाही. पंख कितीही वाकले तरी तुटत नाहीत, वादळ कुठे आहे ते रडार दाखवतं. फार तर चहा सांडेल." हा मजकूर व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. घाबरलेल्यांना धीर द्यायचा हेतू चांगलाच, पण धीर खोट्यावर कशाला उभा करायचा?

‘एकही नाही’ हे साफ चूक. 5 मार्च 1966 रोजी फुजी पर्वताजवळ, स्वच्छ आकाशात, डोंगरावरून उसळलेल्या हवेने बोईंग 707 हवेतच मोडलं. 124 जण गेले. ते वादळ नव्हतं म्हणता? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ब्रॅनिफ या विमान कंपनीचं विमान गडगडाटी ढगांच्या रांगेपाशी सापडलं, शेपटी आणि एक पंख तुटला, 42 मृत्यू. ही उदाहरणं जुनी आहेत, मान्य. मात्र असे अपघात दुर्मीळ झाले त्यात विमानांच्या मजबुतीइतकाच वादळाला वळसा घालण्याच्या शिस्तीचा वाटा आहे. तीव्र वादळापासून निदान 20 सागरी मैल दूर राहायचं, हा संकेत उगाच नाही.

पंख वाकतात, हे खरं. पण वादळात धोका एकट्या पंखांना नसतो. 1977 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पाऊस आणि गारांच्या माऱ्याने एका डीसी-9 विमानाची दोन्ही इंजिनं बंद पडली.

रडारला दिसतात ते मुख्यतः पाण्याचे थेंब. ढगाच्या माथ्यावरचे कोरडे हिमकण त्याला फार अंधुक दिसतात, निरभ्र हवेतली खळबळ तर दिसतच नाही.

आणि चहा! 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं बोईंग 777 म्यानमारवर हादरलं, तेव्हा एका प्रवाशाचा जीव गेला. ‘विमान 6000 फूट कोसळलं’ ही तेव्हाची बातमीही चुकीची. ती उंची वैमानिकांनी नंतर ठरवून कमी केली होती. प्राथमिक तपासानुसार खरी घसरण होती 4.6 सेकंदांत 178 फूट. पण त्यातल्या पहिल्या 0.6 सेकंदात उभा भार अधिक 1.35 जी वरून उणे 1.5 जी वर गेला (1 जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन; उणे म्हणजे उलट, वरच्या दिशेने). म्हणजे बेल्ट न लावलेला माणूस जागेवरून उडून छतावर आपटतो, आणि पुढच्या चार सेकंदांत भार पुन्हा अधिक 1.5 जी झाला की तितक्याच जोरात खाली. विमान बँकॉकला धड उतरलं. आतल्या अनेकांना मणक्याच्या आणि डोक्याच्या दुखापतींसाठी इस्पितळात न्यावं लागलं.